चाक घेण्याआधी वाट चालून बघा

ट्रॉली करून घ्यायला आलेलं नवं गिऱ्हाईक पहिला प्रश्न हमखास विचारतं, "किती किलो ओढेल?" मी उलट विचारतो, "कुठनं कुठं न्यायचंय?" सांगली-मिरज भागात मी बरीच वर्षं ट्रॉल्या आणि ढकलगाड्या बनवतोय, दुरुस्त करतोय. हळदीची पोती, गुळाचे रवे, बेदाण्याचे बॉक्स, सिमेंट, पाण्याचे जार असा सगळा माल या गाड्यांवरनं जाताना बघितलाय. सांगाडा मोडला म्हणून आलेल्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळ्या चाकापायी येतात. आणि बहुतेक वेळा चाकाचा मालच वाईट असतो असं नाही. चांगलं चाक चुकीच्या जमिनीवर आलेलं असतं.

दुकान, गोदाम, छोटा कारखाना, केटरिंग असा काही उद्योग नव्याने सुरू करताय आणि पहिलीच ट्रॉली घेताय, तर हे तुमच्यासाठी. दुकानात गेल्यावर अडायला नको म्हणून चार शब्द आधी सांगतो. दोन चाकांची, एल आकाराची, मागे कलवून न्यायची ती सॅक ट्रॉली. काही जण तिला नुसतं हॅण्ड ट्रॉली म्हणतात. चार चाकांवर सपाट फळी किंवा पत्रा असलेली ती प्लॅटफॉर्म ट्रॉली. चाक, त्याला धरणारा फोर्क आणि वरची चार भोकांची प्लेट हा अख्खा संच म्हणजे कॅस्टर. जो वळत नाही तो फिक्स, जो गोल फिरतो तो रिव्हॉल्व्हिंग. दुकानदाराला हेच शब्द सांगा.

पायरी १: मोजपट्टी आणि खडू घेऊन वाट चाला

माल उतरतो तिथपासून तो जिथे रचला जातो तिथपर्यंत रिकाम्या हाताने चालत जा. जमीन कुठे कशी आहे ते लिहा: कोबा, शहाबादी फरशी, व्हिट्रिफाइड टाइल, पेव्हर ब्लॉक, डांबर, मुरूम. उंबरठा किती उंच आहे ते मोजा. गटारावरच्या जाळीच्या फटी मोजा. लिफ्ट असेल तर लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी यांच्यातली फट बघा. उतार कुठे आहे, वळण किती अरुंद आहे, पावसाळ्यात पाणी कुठे साचतं, हेही टिपून ठेवा.

या सगळ्यात जी जागा सगळ्यात वाईट असेल, चाक तिच्यासाठी घ्यायचं. शंभर फूट गुळगुळीत कोबा असला आणि मधे एकच इंचभर उंबरठा असला, तरी निर्णय उंबरठ्याचा. नवीन माणूस नेमका इथे फसतो. कोब्यावर गाडी सुरेख पळते, म्हणून तो खूश होऊन घेऊन जातो.

उंबरठ्याचं गणित समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चाक काटकोनी कडेला टेकून उभं आहे आणि धाव न घेता ते वर चढवायचंय असं धरा. आडवा जोर चाकाच्या आसाइतक्या उंचीवर लागतो असं मानलं, तर १ इंच उंबरठ्यासाठी ४ इंची चाकाला त्याच्यावरच्या वजनाच्या जवळजवळ १.७३ पट जोर लागतो. ८ इंची चाकाला ०.८८ पट पुरतो आणि १० इंचीला पाऊण पट. चाकावर ८० किलो असतील तर ४ इंचीला १३८ किलोंचा जोर, ८ इंचीला ७० किलोंचा, १० इंचीला ६० किलोंचा. हा एका चाकाचा हिशोब झाला. पुढची दोन चाकं एकदम उंबरठ्याला भिडली की दुप्पट. माणूस एवढा जोर लावूच शकत नाही. मग तो गाडी मागे घेतो, पळत येऊन धडकवतो, नाहीतर पुढून उचलतो. कंबर तिथे जाते, आणि फोर्कही तिथेच वाकतो.

म्हणून माझा साधा नियम असा, की अडथळ्याच्या उंचीच्या निदान आठ ते दहा पट व्यासाचं चाक घ्या. अर्धा इंच उंबरठ्याला ४ ते ५ इंच, एक इंचाला ८ ते १० इंच.

पण चाक मोठं करायच्या आधी उंबरठ्याकडेही बघा. जाड पत्र्याची किंवा लाकडाची फूटभर लांब पाचर करून तिथे पक्की बसवली, तर एक इंचाचा उंबरठा १२ ला १ असा उतार होतो. ३३५ किलोंची भरलेली गाडी त्या उताराने चढवायला नुसत्या वजनापोटी २८ किलो जोर लागतो, त्यात चाकाचं घर्षण आलं. दोघांचं काम आहे, पण होण्यासारखं आहे. अशी पाचर कुठलाही वेल्डर तासाभरात करून देतो. मी कितीतरी गिऱ्हाइकांना चाकं न विकता पाचर करून दिली आहे आणि ती आजही समाधानी आहेत.

जाळीचं सोपं आहे. चाकाची रुंदी फटीपेक्षा चांगली जास्त हवी, आणि जाळी सरळ न ओलांडता थोडी तिरकी ओलांडायची. लिफ्टच्या फटीत ३ इंची चाक अडकतं, विशेषतः रिव्हॉल्व्हिंग असेल तर आडवं होऊन आत बसतं. लिफ्टमधून रोजची ने-आण असेल तर ५ इंचाखाली जाऊ नका.

मोठ्या चाकाचा तोटाही ध्यानात ठेवा. गाडीचा पाट तेवढाच वर येतो, पोतं तेवढं जास्त उचलावं लागतं आणि वळणावर गाडी कलंडायची भीती वाढते. म्हणून सपाट, स्वच्छ फरशीच्या दुकानात ८ इंची चाकं लावणं हेही चूकच.

पायरी २: वजन चाराने भागू नका

प्लॅटफॉर्म ट्रॉलीला चार चाकं असली तरी भार तीनच चाकं घेतात असं धरा. जमीन कधीच पूर्ण सपाट नसते. एखादं चाक कायम अधांतरी किंवा निम्म्या भाराने चालत असतं. समजा ट्रॉली ३५ किलोंची आहे आणि तिच्यावर ५० किलोंची सहा पोती जाणार. एकूण ३३५ किलो. चाराने भागलं तर ८४ येतात आणि माणूस १०० किलोंचं चाक घेऊन मोकळा होतो. तिनाने भागलं तर ११२ येतात. म्हणजे ते चाक पहिल्या दिवसापासून कमी पडतं. इथे १५० किलोंचं चाक घ्या.

सॅक ट्रॉलीत गाडी नीट कलवली की जवळजवळ सगळं वजन दोन चाकांवर येतं, हाताला फक्त तोल राखायचा असतो. तिथे दोनाने भागा आणि वर निदान निम्मी भर घाला, कारण पायरीवरून उतरवताना एक चाक आधी आपटतं आणि त्या क्षणी बराचसा भार त्या एकट्यावर येतो.

चाकावर छापलेला आकडा हा सपाट जमिनीवर माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी ४ किलोमीटरच्या आसपास, चालवण्यासाठी असतो. तीच ट्रॉली दुचाकीला किंवा ट्रॅक्टरला बांधून नेली तर तो आकडा विसरा. बेअरिंग तापतं, चाकावर पीयूचा (पॉलियुरेथेनचा, पुढे सांगतो) थर असेल तर तो आतून सुटतो. मार्केट यार्डात मला हे दर हंगामात दिसतं.

पायरी ३: चाक कशाचं?

इथे जरा थांबतो, कारण पैसे वाया जातात ते इथेच.

कठीण चाक कठीण जमिनीवर हलकं पळतं, पण जमिनीला मार देतं आणि आवाज करतं. मऊ चाक जमीन सांभाळतं, शांत चालतं, पण ओढायला जड जातं आणि वजन ठेवून उभं केलं तर चपटं होतं. सगळी निवड या दोन टोकांच्या मधे कुठेतरी करायची असते.

बिडाचं चाक सगळ्यात कणखर. तापलेल्या मालाला, लोखंडाच्या किसाला, फाउंड्रीला तेच. आमच्या भागातल्या फाउंड्रीत भट्टीजवळ दुसरं काही टिकतच नाही. टाइलवर मात्र चुकूनही नको.

नायलॉनचं चाक पांढरं, गुळगुळीत, हलकं असतं. कोब्यावर भरपूर वजन घेतं, तेलाने बिघडत नाही, धुता येतं. पण कडक इतकं, की खडा आला की गाडी जागच्या जागी अडते, आणि रात्री गल्लीतून नेली तर शेजारी उठतात. सुरुवातीच्या काळात एका मिठाईच्या दुकानाला मी नायलॉनची चाकं लावून दिली होती. वजन मोजलं होतं, उंबरठा मोजला होता, सगळं बरोबर होतं. फरशी विचारली, तर "टाइल आहे" म्हणाले आणि मी पुढे काही विचारलं नाही. दोन महिन्यांनी बघायला गेलो, तर गाडी जायच्या वाटेवर प्रत्येक सांध्याला टाइलची कड टवका उडून पांढरी झालेली. चाकं मी पदरमोड करून बदलून दिली, टाइल काही परत आली नाही. तेव्हापासून फरशी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी चाक सांगत नाही. लांबचं गिऱ्हाईक असेल तर फरशीचा फोटो मागवतो.

नायलॉन म्हणून बाजारात बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनचं चाक मिळतं. ते वाईटच असतं असं नाही, हलक्या कामाला चालतं, पण वजन कमी घेतं आणि पैसे मात्र नायलॉनचे लागतात. ओळखायची एक युक्ती आहे. चाकाच्या आतल्या बाजूने ब्लेडने छोटा कीस काढा, पाण्याच्या ग्लासात टाका आणि बोटाने पाण्याखाली दाबून सोडा. शुद्ध नायलॉन पाण्यापेक्षा जड असतं, ते बुडतं. कीस पुन्हा वर आला तर ते नायलॉन नाही, हे नक्की.

रबर हे खडबडीत जमिनीचं, शांततेचं आणि काचसामानाचं चाक. पेव्हर ब्लॉक, डांबर, शहाबादी फरशीचे उघडे सांधे, अशा ठिकाणी रबराची सर दुसऱ्याला नाही. तेल आणि ग्रीस साध्या रबराला फुगवतं, म्हणून गॅरेजमध्ये आणि तेलाच्या दुकानात ते टाळा. काळ्या रबराचे फरशीवर डाग पडतात. दवाखाना, शोरूम, हॉटेल असेल तर राखाडी, डाग न पाडणारं रबर मागा. तपासायला पांढऱ्या टाइलच्या तुकड्यावर चाक जोरात घासून बघा. काळी रेघ उमटली तर ती तुमच्या फरशीवरही उमटणार.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हे मधलं. आत बीड, नायलॉन किंवा प्लास्टिकचा गाभा आणि वर पीयूचा थर. रबरापेक्षा हलकं पळतं, नायलॉनसारखी फरशी फोडत नाही, तेलाला टिकतं. टाइल, इपॉक्सीचा थर दिलेली जमीन, चांगला कोबा अशा बंदिस्त जागेसाठी मला विचाराल तर पीयू. पण त्याला दोन वैरी आहेत. एक म्हणजे थर गाभ्यावर नीट चिकटवलेला नसणं. थराच्या कडेला नख घालून बघा. नख आत शिरलं तर ते चाक खाली ठेवा. दुसरा वैरी म्हणजे ओल आणि उष्णता एकत्र. काही जातींचं पीयू दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलं की आतून कुजतं, वरून चाक छान दिसतं आणि भार पडला की शिळ्या भाकरीसारखं चुरा होतं. म्हणून दुकानात धूळ खात पडलेला स्वस्त माल उचलू नका. बनवल्याची तारीख विचारा, आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कडेला दाबून बघा. दाबून परत वर आलं पाहिजे, भुगा पडता कामा नये. कोकणात किंवा रोज धुतल्या जाणाऱ्या जागेत वापरायचं असेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारा, की हे पीयू पाण्याला टिकणारं, पॉलिइथर जातीचं आहे का.

बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा अनुभव वेगळा. आत थंडीने साधं ग्रीस घट्ट होतं आणि गाडी सकाळी हलतच नाही. बाहेर आली की थंड लोखंडावर दव धरतं, ते बेअरिंगमध्ये जातं आणि गंज चढतो. तिथे थंडीत चालणारं ग्रीस भरलेलं सीलबंद बेअरिंग, किंवा सरळ नायलॉनचा बुश (बेअरिंगच्या जागी बसणारी, गोळ्या नसलेली साधी नळी) आणि गंज न धरणारा फोर्क घ्या. बुश ओढायला थोडा जड असतो, पण गंजून अडकत नाही.

पायरी ४: हवेचं की भरीव?

हा प्रश्न मुख्यतः सॅक ट्रॉली आणि शेतातल्या, बांधकामावरच्या गाड्यांचा. मुरूम, चिखल, खड्डे, उसाच्या फडातली वाट असेल तर हवेच्या टायरला पर्याय नाही. टायर दबतो, जमिनीला जास्त टेकतो, रुतत नाही.

टायरवर ३.५०-४ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरच्या जाडीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचात. हे चाक बाहेरून साधारण १० ते ११ इंच भरतं आणि सॅक ट्रॉलीला तेच जास्त चालतं. ४.००-८ हे बाहेरून १६ इंच. बजाजच्या तीनचाकी रिक्षाला हाच माप असतो, म्हणून त्याचा टायर, ट्यूब आणि पंक्चर काढणारा माणूस तालुक्याच्या गावातही मिळतो. शेतासाठी गाडी करून घेणाऱ्यांना मी म्हणूनच हा माप सांगतो. गाडी जड होते, पण बंद पडून राहत नाही.

हवेची आडकाठी एकच, हवा. बाभळीचा काटा कुणाची गय करत नाही. शिवाय हवा निम्म्यावर आलेला टायर ओढायला भरीव रबरापेक्षाही जड जातो आणि रिमने ट्यूब कापली जाते. टायरच्या बाजूवर जास्तीत जास्त दाब कोरलेला असतो, लहान टायरना बऱ्याचदा ३० पीएसआयच्या आसपास. तो वाचा आणि त्याच्या वर जाऊ नका. हवा भरायला पायपंप वापरा. ट्रकचे टायर भरायच्या कॉम्प्रेसरने एवढीशी ट्यूब दोन-तीन सेकंदात फुटू शकते.

आता जे सांगतो ते कृपा करून लक्षात ठेवा. लहान चाकांची रिम अनेकदा दोन वाट्या बोल्टने जोडून केलेली असते. पंक्चर काढायला ते बोल्ट सोडायच्या आधी हवा पूर्ण काढा, व्हॉल्व्हची पिनसुद्धा बाहेर काढा. हवा असताना बोल्ट सोडले तर दोन्ही वाट्या तोंडावर उडतात. ट्रॉलीचं चाक लहान दिसतं म्हणून लोक बेफिकीर राहतात.

पंक्चर न होणारी फोमची रंगीत चाकंही मिळतात. हलकी, रोजच्या दुकानी कामाला ठीक. भार ठेवून रात्रभर उभी करू नका, खाली चपटी होतात.

पायरी ५: बेअरिंग

परवा हळदीच्या गोदामातल्या ट्रॉलीचं एक चाक उघडलं. तक्रार होती, "मालक, गाडी एका अंगाला ओढतीया." फोर्क आणि चाकाचा हब (धुरा जातो तो मधला भाग) यांच्या मधल्या बोटभर जागेत पोत्यांची सुतळी गुंडाळली गेली होती, इतकी घट्ट की पटाशीने कापून काढावी लागली. सुतळीने बेअरिंगचं रबरी सील एका बाजूने खाल्लेलं. आतलं ग्रीस हळदीच्या भुकटीत मिसळून पिवळं, कडक, लापशीसारखं झालेलं. दोन गोळ्यांवर खड्डे. चाक वरून अगदी नवं दिसत होतं, आणि त्याच्याखाली एक माणूस दिवसभर दुप्पट जोर लावत होता.

साधा बुश हा कमी वजनाला, कमी अंतराला आणि ओल्या जागेला. रोलर बेअरिंग धक्के सोसतं, जड मालाला चांगलं, पण ग्रीस देत राहावं लागतं. बॉल बेअरिंग सगळ्यात हलकं पळतं. त्याच्या नंबरावरून धुऱ्याचा माप कळतो: ६२०२ म्हणजे १५ मिलिमीटर धुरा, ६२०३ म्हणजे १७, ६२०४ म्हणजे २०. नंबरापुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टूआरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील. धूळ, पीठ, हळद, पाणी असेल तिथे टूआरएसच घ्या. पैशाचा फरक थोडा आहे, आयुष्याचा मोठा आहे.

सुतळी, दोरा, प्लास्टिकची पट्टी, केस अशा गोष्टी जमिनीवर असतात तिथे हबच्या दोन्ही बाजूंना थ्रेड गार्डची वाटी असलेलं चाक मागा. इचलकरंजीसारख्या ठिकाणी यंत्रमागाच्या शेडमध्ये हे नसेल तर चाक महिनाभरात सुताने बांधलं जाईल.

पायरी ६: फिक्स किती, फिरती किती?

प्लॅटफॉर्म ट्रॉलीला दोन फिक्स आणि दोन रिव्हॉल्व्हिंग, फिरती चाकं हँडलच्या बाजूला. ढकलणारा जिथे उभा असतो तिथून गाडी वळते आणि पुढची दोन चाकं तिला सरळ ठेवतात. चारही फिरती चाकं अरुंद स्वयंपाकघरात किंवा लिफ्टमध्ये सोयीची, पण उतारावर अशी गाडी आडवी जाते आणि आवरत नाही. वाटेत उतार असेल तर चारही फिरती नकोत.

उतारावर उभी करायची असेल तर ब्रेक हवाच, आणि तो चाक आणि फिरणं दोन्ही धरणारा हवा. नुसतं चाक धरणारा ब्रेक लावला तरी गाडी फोर्कवर गोल फिरत राहते.

सॅक ट्रॉली जिन्यावरून रोज न्यायची असेल, सिलिंडर किंवा पाण्याचे जार, तर प्रत्येक बाजूला तीन चाकांचं फिरतं चक्र असलेली मिळते. घरगुती भरलेला सिलिंडर ३० किलोंच्या आसपास जातो, त्याला ती पुरते. सपाट रस्त्यावर तिची लहान चाकं त्रास देतात, म्हणून जिना नसेल तर घेऊ नका. आणि साधी असो की तीनचाकी, जिन्यावर गाडी नेहमी पाठमोरं होऊन वर ओढायची, ढकलायची नाही.

पायरी ७: दुकानात जाताना

जुनं चाक बदलायचं असेल तर ते काढून सोबत न्या. नेता येत नसेल तर हे माप लिहून न्या: चाकाचा व्यास, टेकणारी रुंदी, भोकाचा माप, हबची लांबी, जमिनीपासून प्लेटपर्यंतची पूर्ण उंची आणि प्लेटच्या भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. हबची लांबी लोक हमखास विसरतात. हब दोन मिलिमीटरने लांब असला तरी चाक फोर्कमध्ये बसत नाही, आखूड असला तर डुगडुगतं.

रिव्हॉल्व्हिंग कॅस्टर हातात घेऊन प्लेट धरा आणि फोर्क हलवा. फिरायला मोकळा हवा, पण वर-खाली खडखडता कामा नये. वरच्या डोक्यात गोळ्यांच्या दोन ओळी आहेत का ते विचारा. जड मालाला दोन ओळीच हव्यात. चाक हाताने फिरवून डोळ्यासमोर धरा, डगमगतं का बघा.

चाकं जोडीने बदला. एक नवं आणि एक झिजलेलं असलं की गाडी कायम झिजलेल्या बाजूला ओढते.

शक्य असेल तर ट्रॉली रोज जो ढकलणार आहे त्याला दुकानात सोबत घ्या. पैसे देणाऱ्याला चाकाचा रंग दिसतो, ढकलणाऱ्याला मनगटात कळतं. पूर्वी १०० किलोंचं पोतं पाठीवर घेणारे हमाल आजही यार्डात भेटतात. चाक कसं आहे ते त्यांच्याइतकं नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

पायरी ८: बसवताना आणि पहिल्या आठवड्यात

चाक लावलेलं असताना फोर्कला वेल्डिंग करू नका. उष्णतेने पीयू आणि ग्रीस जळतं, आणि करंट बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात. आधी चाक काढा, मग वेल्डिंग. शक्यतो बोल्टच लावा, खाली वायसर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला), म्हणजे पुढे बदलणं सोपं जातं.

दोन फिक्स चाकं समांतर आहेत का ते मोजा. चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर आणि मागच्या कडांमधलं अंतर, दोन्ही सारखी हवीत. तीन-चार मिलिमीटरचा फरकही गाडीला तिरकं नेतो आणि चाक एका बाजूने खातो.

मग नेहमीचा माल भरा आणि जिथे जमीन सपाट आहे तिथे हँडलला सामान तोलायचा हुकचा काटा अडकवून आडवी ओढा. गाडी हलते त्या क्षणी काटा किती दाखवतो ते वाचा. एका माणसाने दिवसभर ढकलायच्या गाडीला मी २० किलोंची हद्द धरतो. त्याच्या वर गेला तर चाक मोठं करा, बेअरिंग बदला किंवा फेरीला दोन पोती कमी करा. हा आकडा चाकाच्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. पाच-सात किलोंनी वाढला असेल तर आत काहीतरी बिघडलंय, आवाज यायची वाट बघू नका.

भार घेऊन आठ दिवस चालल्यावर नवे बोल्ट थोडे सैल होतातच. पाना घेऊन गाडी उलटी करा, सोळाही नट एकदा आवळा आणि हबजवळ सुतळी अडकली असेल तर तेव्हाच कापून काढा.